कप्तानपद सोडून सगळं

पुण्यातल्या इंग्रजांच्या क्रिकेट क्लबात १८९२ च्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा कामाला लागला. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, क्रीज आखायची, सरावाच्या जाळ्या उभ्या करायच्या आणि वेळ पडली तर टेनिसचं कोर्टही आखून द्यायचं. त्याआधी तो पारशांच्या एका क्लबात तीन रुपयांवर हेच करत होता, तेव्हा ही बढतीच म्हणायची. पोराचं नाव बाळू. घराणं कोकणातल्या पालवणचं म्हणून पालवणकर, जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे जन्म धारवाडचा, साल १८७६ धरतात, आणि बालपण पुण्यात लष्कराच्या आसऱ्यानं गेलेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी नि चेंडू हीच बाळूची आणि शिवराम, गणपत, विठ्ठल या धाकट्या भावांची खेळणी.

भातकापणी उरकली की आमच्याकडे शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, सापगावापासून टोकावड्यापर्यंत, खाचरांमध्ये टेनिस बॉलच्या स्पर्धांसाठी खेळपट्ट्या तयार होऊ लागतात. ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर ओढून ज्यानं अशी खेळपट्टी एकदा तरी केली आहे त्याला ठाऊक असतं, की चेंडू कुठं दबेल नि कुठं उसळी घेईल हे फलंदाजाच्या आधी रोलर ओढणाऱ्याला कळतं. बाळूचं पहिलं शिक्षण असं झालं, आणि साहेबाच्या पगारावर झालं.

क्लबातल्या ट्रॉस नावाच्या गृहस्थांनी त्याला जाळ्यात चेंडू टाकायला लावलं. पोरगा डावखुरा. बार्टन नावाचा एक कॅप्टन तिथं डाव्या हातानं गोलंदाजी करायचा. त्याची ढब बाळूनं नुसती बघून उचलली. थोड्याच दिवसांत सरावाला आलेले साहेब आधी बाळूला हाक मारू लागले. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे जे. जी. ग्रेग, ज्याला सगळे ‘जंगली’ ग्रेग म्हणत. चणीनं लहान, मनगटं लवचिक, पुढे इंग्लंडात हँपशायरकडून खेळलेला आणि त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमधला बहुधा सर्वांत चांगला फलंदाज. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि तासन्‌तास बाळूसमोर सराव करायचा. बाळूनं बाद केलं की दर वेळी तो आठ आणे द्यायचा, अशी कथा आहे. कथेत भर पडलेली असेलही. पण हिशोब मांडून बघा: महिन्यातून आठदा ग्रेगचा त्रिफळा उडाला की रोलर ओढण्याच्या पगाराइतके पैसे सुटले.

त्या क्लबात एवढी वर्षं गोलंदाजी करूनही कुणी एकदाही बाळूच्या हातात बॅट दिली नाही. यात नुसती गोऱ्यांची अढी नव्हती. इंग्लंडातसुद्धा तेव्हा फलंदाजी हा बहुतेक सरदार-जमीनदारांच्या पोरांचा शौक आणि गोलंदाजी हे रोजंदारीवरच्या व्यावसायिकाचं काम, अशीच वाटणी होती. घाम गाळायचा तो गोलंदाजानं. हिंदुस्थानात या वाटणीवर जातीचा थर चढला, इतकंच. आणि या दुहेरी उतरंडीच्या तळाशी उभ्या असलेल्या पोराला दिवसभर एकच गोष्ट करायला मिळाली, ती म्हणजे चेंडू टाकणं. तो अचूक झाला यात नवल नाही.

बाळूला मैदानाच्या कडेवरून मध्यावर आणणारं कारण मात्र वेगळंच होतं. मुंबईत क्रिकेट आधी पारशांनी उचललं. त्यांनी १८९० साली इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला हरवलं आणि पुढे दरवर्षी मुंबईच्या गोऱ्यांशी त्यांचे सामने होऊ लागले. पारशांपाठोपाठ हिंदू आणि मुसलमान आले. सरकारनंही समुद्राकाठी प्रत्येक समाजाला वेगळी जागा देऊन जिमखाने वसवले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ चा. म्हणजे ‘हिंदूंचा संघ’ ही गोष्ट नव्यानं जन्माला येत होती. आणि तो संघ गोऱ्यांना हरवायचा असेल तर गोलंदाज हवा होता. पुण्यातल्या हिंदू खेळाडूंपुढे पेच पडला. शहरातला सगळ्यात चांगला गोलंदाज हिंदू होता खरा, पण अस्पृश्य. काही ब्राह्मण खेळाडू त्याला घ्यायला तयार, काही विरोधात. असं सांगतात की खुद्द ग्रेगनंच वर्तमानपत्रातून सुनावलं, की बाळूला बाहेर ठेवाल तर तुमच्यासारखे मूर्ख तुम्हीच. त्यामागे ग्रेगचा हेतू काय होता कोण जाणे. ज्याच्यासमोर रोज सराव केला त्याच्याशी खऱ्या सामन्यात भिडायची हौस असावी असं मला वाटतं.

बाळूला संघात घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, त्याचा विटाळ कुणाला होत नसे. चहाची सुट्टी झाली की बाकीचे पव्हेलियनमध्ये जाऊन चिनी मातीच्या पांढऱ्या कपांतून चहा घेत आणि बाळूचा चहा बाहेर येई, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. हात-तोंड धुवायचं झालं तर एक अस्पृश्य गडी पाण्याची किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जाई आणि तिथं त्याच्या हातावर पाणी ओती. जेवणाला ताट वेगळं, टेबलही वेगळं. रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात हा तपशील दिला आहे. मला त्यातली किटली विसरता येत नाही. पाणी नाकारणं सोपं होतं, पण गोलंदाजाचे हात चिकट राहिले तर चेंडू नीट सुटत नाही. तेव्हा पाणी द्यायचं, गडीही द्यायचा, पण कोपऱ्यात. संघाला गरज होती तेवढीच सवलत, त्यापुढे चमचाभरही नाही.

याच काळात साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूची कीर्ती आधीच पोहोचली होती, म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून त्याच्या फिरकीला दाद देणार नाही अशी टणक खेळपट्टी करवून घेतली. तरी त्यानं सात बळी घेतले. रोलरचं तंत्र निदान या माणसाविरुद्ध तरी वापरायला नको होतं. पुण्याला परतल्यावर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी भर सभेत बाळूच्या गळ्यात हार घातला. तुम्ही त्याच्याबरोबर खेळता, तर त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असा सवाल त्यांनी हिंदू खेळाडूंना केल्याचं नमूद आहे. लोकमान्य टिळकांनीही त्याचं कौतुक केलं. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर एकमेकांशी कडाडून भांडलेले पुण्याचे हे दोन पुढारी एका चांभार गोलंदाजाच्या गौरवाला मात्र एकमतानं उभे राहिले.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं.

प्लेगच्या धामधुमीत पालवणकर कुटुंब पुणं सोडून मुंबईला आलं. मुंबईतही प्लेग होताच, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण मुंबईत नोकऱ्या होत्या. बाळू काही काळ लष्करात राहिले, मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागले आणि रेल्वेच्या संघातून खेळू लागले. हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याला काही गुजराती सभासदांचा विरोध होता. कप्तान कीर्तिकरांनी तो मोडून काढला. मुंबईतलं क्रिकेट आता नुसत्या हौशीचं राहिलं नव्हतं. कचेऱ्या, बँका, गिरण्या, रेल्वे यांचे संघ उभे राहत होते आणि मैदानाभोवती गर्दी जमत होती. गर्दीला माणसाची जात दिसते, पण त्याआधी धावफलक दिसतो.

बाळूंची गोलंदाजी कशी होती हे सांगायला चित्रफीत नाही, वर्णनं आहेत. सैल धाव, सहज फिरणारा डावा हात, चेंडूला उंची देऊन पुढे बोलावणारा टप्पा. चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळायचा, आणि मधूनच एखादा उलटा आत यायचा. वेगही तेवढ्याच लपूनछपून बदलायचा. आणि दम असा की सकाळी एका टोकाला चेंडू दिला तर दुपारपर्यंत काढून घ्यायची गरज नाही. इंग्लंडात तेव्हा विल्फ्रेड ऱ्होड्सचं नाव होतं. बाळूंना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले. अशा गोलंदाजाचा खरा फायदा धावा न देण्यात असतो. फलंदाज अडकून पडतो, मग उतावीळ होतो, आणि तो उतावीळ होईपर्यंत थांबायची चिकाटी गोलंदाजाकडे लागते. ग्रेगच्या जाळ्यात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला थांबणं नव्यानं शिकायचं नव्हतं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन प्रथमच समोरासमोर आले. दिवस कोणते ते ध्यानात घ्यायला हवं. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीचं वारं महाराष्ट्रात भरलं होतं आणि त्याच वर्षी जपाननं त्सुशिमाच्या समुद्रात रशियाचं आरमार बुडवून आशियाला एक नवीच गोष्ट दाखवली होती. अशा हवेत सामना झाला. हिंदूंच्या २४२ ला युरोपियनांनी १९१ नी उत्तर दिलं. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या आणि गोऱ्यांपुढे २१२ चं लक्ष्य आलं. सगळा संघ १०२ वर गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले, आणि त्यात बाळूंच्या डाव्या हाताचा वाटा मोठा होता. शिवरामही संघात होते. पुढच्या वर्षी पुन्हा सामना झाला तेव्हा विजय २३८ धावांचा होता, म्हणजे पहिला विजय काही मटका नव्हता.

या विजयाचं सगळ्यात विचारपूर्वक मोल केलं ते के. नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या मुंबईच्या साप्ताहिकानं. गोऱ्यांना हरवलं यापेक्षा, पुण्यात ज्याला बाहेर चहा मिळत होता तो माणूस मुंबईच्या जिमखान्यात इतरांच्या पंगतीला बसू लागला, हे त्याला मोठं वाटलं. हजारो तरुण हिंदूंची मनं मोकळी करण्याचं काम जे इतर क्षेत्रांतल्या खटपटींनी साधलं नाही ते या भावांच्या प्रवेशानं साधलं, असा त्याचा सूर होता. त्यात तथ्य आहे. पण हे पंगतीला बसणं एका जिमखान्यातलं, विजयी संघातलं आणि हुकमी गोलंदाजाचं होतं. त्याच मुंबईत त्याच जातीच्या इतरांना पाण्यासाठी काय करावं लागत होतं, ते सुधारकांच्या साप्ताहिकालाही ठाऊक होतं.

१९०७ पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ ला मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. मधल्या काळात घडलेली गोष्ट म्हणजे इंग्लंडचा दौरा. अखिल हिंदुस्थानचा म्हणून निवडलेला पहिला संघ १९११ च्या उन्हाळ्यात विलायतेला गेला. या दौऱ्यामागचं राजकारण इतिहासकार प्रशांत किदांबी यांनी उलगडून दाखवलं आहे. १९०९ साली लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला मारलं होतं, वर्षअखेर नाशिकला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला. हिंदुस्थानी तरुण म्हटला की विलायतेत पिस्तूल डोळ्यापुढे येऊ लागलं होतं. संस्थानिक, मोठे व्यापारी आणि सरकार या तिघांनाही त्यावर उतारा हवा होता, आणि पांढऱ्या फ्लॅनेलमधले अकरा शांत तरुण याहून बरा उतारा कोणता? पारशी, हिंदू, मुसलमान असा वाटा ठरवून संघ निवडला गेला. कप्तान एकोणीस वर्षांचे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. हिंदूंच्या वाट्यात बाळू आणि शिवराम ही दोन भावंडं.

कप्तानसाहेब दौऱ्यात बहुतेक काळ मेजवान्या आणि पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात रमले. त्यांचे खासगी चिटणीस म्हणजे संघातले सर्वोत्तम फलंदाज केकी मिस्त्री. महाराजांबरोबर तेही गेले. उरलेल्यांनी लढाई लढायची. त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळा कडक, खेळपट्ट्या कोरड्या, आणि आपल्या फलंदाजांना त्या जमेनात. एकामागून एक पराभव सुरू झाले. एकूण २३ सामन्यांत ६ विजय आणि १५ पराभव. त्यात प्रथम श्रेणीचे सामने १४, विजय दोनच.

हे दोन्ही विजय पालवणकरांनी गाजवले. जुलैत लेस्टरशायरला हरवलं तेव्हा बाळूंनी सामन्यात ११ बळी घेतले. टॉण्टनला सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून विजय मिळाला तो शिवरामच्या नाबाद ११३ मुळे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. ही त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. दौरा संपला तेव्हा त्यांच्या नावावर सगळे सामने धरून ११४ बळी होते, सरासरी १८.८४. वय पस्तीस, खांदा दुखत होता, आणि त्यांच्या गोलंदाजीवर झेल सोडणारे हात भरपूर होते. पंधरा वेळा हरलेल्या संघातल्या गोलंदाजाची ही सरासरी आहे, हे विसरून आकडे वाचू नयेत.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्यांचा जाहीर सत्कार केला. मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा एक तरुण होता, भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा सार्वजनिक जीवनातला हा पहिलाच प्रसंग असावा असं म्हटलं जातं. त्या वेळी या दोघांमध्ये प्रसिद्ध माणूस एकच होता, आणि तो व्यासपीठावर मानपत्र घेत होता. आपल्यासारख्याच अस्पृश्य समाजातल्या कुणीतरी निव्वळ गुणांवर साऱ्या हिंदुस्थानात नाव काढलं याचा आंबेडकरांना तेव्हा केवढा अभिमान होता, हे धनंजय कीरांच्या चरित्रात दिसतं.

आता बाळूंना काय मिळायचं राहिलं होतं? पंगत मिळाली होती, विलायत मिळाली होती, मानपत्रं मिळाली होती. संघातले सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू तेच होते. धाकटे विठ्ठल एव्हाना हिंदूंचे आघाडीचे फलंदाज झाले होते. तरीही दरवर्षी कप्तान निवडायची वेळ आली की निवड समितीची नजर पालवणकरांना वळसा घालून पुढे जाई. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान केलं. पै सज्जन माणूस. सत्कारसमारंभातच त्यांनी सांगून टाकलं, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. टाळ्या पडल्या असतील. पुढच्या वर्षी कप्तान बदलला नाही.

यात समितीला अडचण काय वाटत होती ते समजून घेण्यासारखं आहे. गोलंदाज म्हणून बाळू संघाची चाकरी करत होते. कितीही मोठे झाले तरी चेंडू कप्तान देणार आणि कप्तान काढून घेणार. कप्तान झाले असते तर ब्राह्मण खेळाडूला सीमारेषेवर जा म्हणून त्यांनी सांगितलं असतं आणि त्याला जावं लागलं असतं. नाणेफेकीला हिंदूंचा प्रतिनिधी म्हणून तेच गेले असते. एवढं हिंदू जिमखान्याला पचणारं नव्हतं. बळी कितीही घेतले तरी या गाठीवर त्यांचा उपयोग नव्हता.

गाठ १९२० साली सैल झाली, आणि ती सैल करणारी गोष्ट चेंडू नव्हती. त्या वर्षी चौरंगीच्या तोंडावर पै आजारी पडले. कप्तान कोण? विठ्ठल यांचा हक्क उघड होता, बाळू तर होतेच. समितीनं निवडलं पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांना. देवधर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, फलंदाज उत्तम, पुढे फार मोठे झाले. दोष त्यांचा नव्हे. आणि त्याच वेळी बाळूंना संघातूनच वगळलं. मग शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून नाव काढून घेतलं आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आपलं म्हणणं छापून आणलं. ज्येष्ठता आणि गुण डावलून जात बघितली गेली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

वर्ष कोणतं होतं? गांधीजींचं असहकाराचं आंदोलन सुरू झालं होतं आणि डिसेंबरमध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेसनं अस्पृश्यता निवारणाचा ठराव घेतला. असहकार हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, आणि मैदानावर तो दोन चांभार भावांनी हिंदूंच्याच निवड समितीविरुद्ध वापरला. मुंबईत गवगवा झाला. मुसलमानांविरुद्धचा सामना हिंदूंनी पालवणकरांशिवाय काढला, पण अंतिम सामना पारशांशी होता आणि प्रेक्षकांची सहानुभूती कुणीकडे आहे हे समितीला कळून चुकलं होतं. तोवर पै बरे झाले. तडजोड झाली: पै कप्तान, भाऊ संघात परत आणि बाळू उपकप्तान. सामन्यात काही वेळ पै मैदानाबाहेर गेले, तेव्हा हिंदू संघाची सूत्रं बाळू पालवणकरांकडे आली. वय चव्वेचाळीस. कप्तानपद त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच, आणि त्यानंतर त्यांचं प्रथम श्रेणीचं क्रिकेटही संपलं: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, डावात पाच बळी १७ वेळा.

पायंडा मात्र पडला होता. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला होता. कागदावर खुल्या झालेल्या त्या पाण्यासाठी पुढे १९२७ ला महाडला जावं लागलं. विठ्ठलांनी १९२३ ते १९२६ अशी चार वर्षं संघ चालवला आणि त्यांतली तीन वर्षं स्पर्धा हिंदूंनी जिंकली. युरोपियनांना हरवल्यावर सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून मैदानभर मिरवलं. १९४८ साली त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. या भावांबद्दल आज जे काही माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या पुस्तकामुळे टिकलं. मराठीतले वाचक ते आज किती वाचतात, हा प्रश्न मी विचारत नाही.

बाळूंचं उत्तरायुष्य मात्र चौरंगीच्या बाहेर, राजकारणात गेलं आणि ते अवघड आहे. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. कसोटी त्यांच्यासाठी फार उशिरा आली. त्यानंतर दोन महिन्यांनी ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा जाहीर झाला, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभलं. बाळू या वेळी मद्रासचे अस्पृश्य पुढारी एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होते आणि आंबेडकरांनी तडजोड करावी म्हणून खटपट करणाऱ्यांत होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारानं अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखीव झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. पुढच्या वर्षी मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी लढवली आणि डॉ. होमी पावरी यांच्याकडून ते हरले. १९३५ ला येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती बाळूंना आत्मघाताची वाटली.

मग फेब्रुवारी १९३७ ची मुंबई कायदेमंडळाची निवडणूक. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भायखळा-परळच्या भागातून उभे होते. काँग्रेसनं त्यांच्यासमोर दिलेला उमेदवार म्हणजे बाळू पालवणकर. मानपत्र देणारा आणि मानपत्र घेणारा पंचवीस वर्षांनी मतपेटीपुढे समोरासमोर आले. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

काँग्रेसनं त्यांचा वापर केला, असं यावर सहज म्हटलं जातं. केलाच. त्यांच्या नावाला मुंबईच्या कामगारवस्तीत वजन होतं आणि आंबेडकरांना अडवायला तेच हवं होतं. पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. बाळूंच्या आयुष्यानं त्यांना जे शिकवलं ते एका संघात राहूनच शिकवलं होतं. मातीच्या भांड्यापासून पंगतीपर्यंत ते ज्यांच्यामुळे आले त्यांत ग्रेग होता, रानडे, कीर्तिकर आणि पै होते, गर्दी होती. वेगळा मतदारसंघ म्हणजे पुन्हा पव्हेलियनबाहेर बसणं, असं अशा माणसाला वाटलं तर ते समजू शकतं. अडचण अशी की त्यांच्याच घरातला १९२० चा अनुभव आंबेडकरांच्या बाजूनं साक्ष देत होता. पंधरा वर्षं बळी घेऊन जे मिळालं नाही ते भावांनी खेळायला नकार दिल्यावर पंधरवड्यात हललं. आंबेडकरांना हरवायला निघालेल्या बाळूंना हे आठवलं असेल का, ते सांगायला त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. विठ्ठलांसारखं आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही.

धर्मावर संघ पाडणारी ही स्पर्धा १९३७ ला पंचरंगी झाली, गांधीजींनी तिला विरोध केला आणि १९४६ मध्ये ती कायमची बंद पडली. ‘हिंदूंचा संघ’ नावाची गोष्टच उरली नाही, म्हणून त्याचा कप्तान कोण हा वादही संपला. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींत बाळू राहिले, पण नव्या पिढीला विजय मर्चंट आणि विजय हजारे माहीत होते. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. सांताक्रूझच्या स्मशानात अंत्यविधी झाला तेव्हा दलित पुढारी, खासदार आणि जुने क्रिकेटपटू हजर होते.